सुट्टीत लेकरं ‘हंगर गेम्स’ वाचतायत. वाचू द्यावं का, आणि पुढे काय द्यावं?

आत्या_अंबाजोगाई
२ मे, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. दोन्ही भावांची लेकरं सुट्टीला माझ्याकडे आलीत. पाच जण आहेत, धाकटा अकरा वर्षांचा, थोरली सोळाची. सकाळी दहानंतर बाहेर पाय टाकायची सोय नाही. कुरडया-पापड्यांचं वाळवण उरकलं की दारं लोटून, कूलरमध्ये पाणी भरून सगळे मधल्या खोलीत. मोबाइल मी दुपारी कपाटात ठेवते. मग उरतात आढीतले आंबे आणि पुस्तकं.

मधली भाची तेरा वर्षांची, नांदेडला सेमी इंग्लिशमध्ये शिकते. तिनं वर्गमैत्रिणीकडून ‘द हंगर गेम्स’ आणलंय. इंग्रजीतून वाचते आणि बाकीच्यांना मराठीतून सांगते. मी परवा भाकरी थापता थापता ऐकत होते. पानेम नावाचा देश, मधोमध श्रीमंत राजधानी, भोवती बारा जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यानं एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, वय बारा ते अठरा. चोवीस लेकरं मैदानात सोडायची, शेवटी एक जिवंत राहील तोवर. आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं.

माझा हात तव्यावर थांबला. पण खरं हललं ते पुढे. धाकट्यानं विचारलं, “आत्या, आपला जिल्हा कितवा?”

मला उत्तर देता आलं नाही. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत, एवढंच सांगितलं.

तर विचारायचं असं की हे वाचू द्यावं का? दिलं तर पुढे काय द्यावं? अजून पाच आठवडे आहेत. आणि या तऱ्हेचं मराठीत काही आहे का? धाकट्याचं इंग्रजी अजून कच्चं आहे, त्याला सारखं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

---

जालन्याचा_बाप
२ मे, रात्री ९:४०

ताई, स्पष्ट सांगतो, मी नाही देणार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मागच्या सुट्टीत चुलतभावाकडे तिनं या पुस्तकावरचा चित्रपट पाहिला आणि आठ दिवस दिवा लावून झोपली. लेकरांनी लेकरांना मारायचं, ही काय गोष्ट झाली? आपण लहानपणी विक्रम-वेताळ वाचला, त्यातही भूत होतं, प्रेत होतं. पण शेवटी न्याय व्हायचा. इथे न्याय कुठे आहे?

लेकरांच्या वाट्याला पुढे जे यायचं ते येणारच आहे. निदान सुट्टीत तरी त्यांना हलकं काही मिळावं असं मला मनापासून वाटतं.

---

देवघेव
३ मे, सकाळी ७:२५

आत्याबाई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो, पण सवय जात नाही म्हणून सविस्तर लिहितो.

जालनेकर, तुमची काळजी रास्त आहे. पण चित्रपट आणि पुस्तक यांत फरक पडतो. पडद्यावर रक्त डोळ्यांत घुसतं, पुस्तकात मूल आपल्या झेपेल तेवढंच चित्र उभं करतं आणि नको असेल तिथे पान मिटतं. सुझन कॉलिन्स यांनी हे पुस्तक २००८ मध्ये लिहिलं. एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा रिअॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं असं दिसत गेलं आणि दोन्ही एकमेकांत मिसळली, असं त्यांनीच सांगितलंय. दुसरं मूळ ग्रीक पुराणातलं. अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली क्रीटच्या राक्षसाला द्यायच्या, ती थिसियसची कथा. आपल्या बकासुराची आठवण झाली ना? एकचक्रा नगरीतल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा. ती गोष्ट आपण पाचव्या वर्षी ऐकली आणि निवांत झोपलो, कारण पुढे भीम येणार हे माहीत होतं. या पुस्तकात भीम नाही. सोळा वर्षांची कॅटनिस आहे, आणि ती मैदानात जाते ती धाकट्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी निघाली म्हणून, तिच्या जागी.

वयाचं म्हणाल तर माझा ठोकताळा सांगतो. अकरा-बाराला जीन ड्यूप्राऊ यांचं ‘द सिटी ऑफ एंबर’ (२००३). त्यात मारामारी नावापुरती, कोडं भरपूर. बारा-तेराला लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’, पण त्यातला एक प्रसंग फार जड आहे, मोठ्यानं आधी वाचावं. तेरा-चौदाला ‘हंगर गेम्स’चा पहिला भाग. तिसरा भाग मात्र उघड युद्धाचा आहे, तो पंधरानंतरच. ज्याला अंधाऱ्या राज्यांपेक्षा जादू हवी त्याला रिक रायर्डन यांचा पर्सी जॅक्सन. लेखकानं ती गोष्ट आधी आपल्या मुलाला झोपताना सांगितली होती. मुलाला अक्षरं वाचायला अडचण यायची, एका जागी लक्ष टिकायचं नाही, म्हणून पर्सीही तसाच केला. माझ्या वाचनालयात असे किती तरी पर्सी दाराशी घुटमळून परत गेले.

वाचनालयाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. उन्हाळ्यात पोरं मोकळी असतात ती दुपारी, आणि बहुतेक गावांतली वाचनालयं उघडतात सकाळ-संध्याकाळ. बालविभागाचं कपाट मागे सरकलं आणि तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आली. अभ्यासिकेला माझा विरोध नाही, तिथे बसून नोकरीला लागलेली पोरं मला अजून पेढे देतात. पण कपाट मागे सरकायला नको होतं. मी ते थांबवू शकलो नाही, याचं मला दुःख आहे.

---

दुसरी_घंटा
३ मे, रात्री १०:५५

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. हंगामी वसतिगृहातल्या मुलांसोबत काम करते. आईबाप ऊसतोडीला गेले की जी लेकरं गावात आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठीचं वसतिगृह. दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात, पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात.

जालन्याच्या दादा, ‘लेकरांना हलकं मिळावं’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. मलाही तसंच वाटायचं. मग मी स्वतः ते पुस्तक वाचलं आणि एका ठिकाणी पुस्तक खाली ठेवून अंगणात जाऊन बसले. ते ठिकाण मारामारीचं नव्हतंच.

त्यात ‘टेसेरा’ नावाचा प्रकार आहे. घरात खायला नसेल तर बारा वर्षांच्या मुलानं एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल उचलायचं. बदल्यात चिठ्ठ्यांच्या भांड्यात त्याच्या नावाची एक चिठ्ठी जास्त पडते. घरात चार माणसं असतील तर चार वेळा उचलता येतं. आणि या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी कमी होत नाहीत, साचत जातात. म्हणजे नाव सगळ्यांचंच असतं, पण गरिबाचं नाव जास्त वेळा असतं.

मी हे वसतिगृहात सातवी-आठवीच्या मुलांना तोंडी सांगितलं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “बाई, हे तर उचलीसारखं झालं.”

उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम. ती कोयत्यावर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. यंदा फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. त्या मुलाला मी काही समजावलं नव्हतं. त्यानंच मला समजावलं.

आणि त्यातली रू नावाची मुलगी. अकराव्या जिल्ह्यातली, बारा वर्षांची, फळबागांत शेंड्यावर चढून काम करणारी. कॅटनिस तिला विचारते, तुम्हाला शाळा नसते का? ती सांगते, सुगीच्या दिवसांत नसते, तेव्हा सगळे कामावर. आमच्या पटावरची किती तरी नावं नोव्हेंबरात अशीच कोरी होतात. त्या दिवशी मुली रूबद्दल परत परत विचारत होत्या. तिला आई होती का, किती भावंडं, ती गाणं कोणतं म्हणायची. सहा भावंडांत ती थोरली आहे हे सांगितलं तर एक मुलगी नुसती हसली, कारण तीही थोरली आहे.

घाबरलं कुणीच नाही. आपलं कुणीतरी पुस्तकात लिहिलंय, एवढंच त्यांना वाटलं.

आत्याताई, तुमच्या धाकट्याचा प्रश्न मी जपून ठेवला आहे.

---

जालन्याचा_बाप
४ मे, सकाळी ८:०५

दुसरी_घंटा ताई, तुमचं लिखाण वाचून रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. उचलीची गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या मुलीच्या वयाचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण देवघेव काकांनी सांगितलेलं ‘एंबर’ मागवतो आणि आधी मी स्वतः वाचतो.

---

रिपीटर
७ मे, दुपारी १:३०

रविवारी ‘नीट’ दिली, मेडिकलची प्रवेश परीक्षा, दुसऱ्यांदा. आज सकाळी उठले तेव्हा कुठेच जायचं नव्हतं, म्हणून हा धागा पूर्ण वाचला.

मी लातूरला क्लाससाठी दोन वर्षं राहिले. मला हंगर गेम्सपेक्षा व्हेरॉनिका रॉथची ‘डायव्हर्जंट’ जास्त लागली. २०११ ची आहे, लेखिका तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती आणि कॉलेजात असतानाच तिनं लिहायला घेतली होती. भविष्यातलं शिकागो, पाच गट. सोळाव्या वर्षी एक चाचणी होते, मग एक गट निवडायचा आणि जन्मभर त्यातच राहायचं. गटाशी जमलं नाही की तो माणूस गटाबाहेर, म्हणजे रस्त्यावर.

आमच्या क्लासमध्ये दर काही आठवड्यांनी चाचणी व्हायची आणि यादीप्रमाणे बॅच बदलायची. वरच्या बॅचचा मजला वेगळा, शिकवणारे वेगळे. माझी खोलीतली मैत्रीण वरच्या बॅचला गेली आणि मी खाली आले, तेव्हा आम्ही डबा वेगळ्या वेळी खायला लागलो. भांडण काहीच झालं नव्हतं. हे मी कुणाला सांगू शकले नव्हते, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? पुस्तकातली नायिका ट्रिस आईबापांचा गट सोडते आणि त्यांच्याकडे बघू शकत नाही, ते पान वाचताना मला कळलं की माझं काय झालं होतं. ७२० पैकी किती पडतील ते पुढच्या महिन्यात कळेल. पण ते पान मला आधीच मिळालं.

अजून एक सुचवते. नील आणि जॅरड शुस्टरमन या बापलेकांची ‘ड्राय’, २०१८ ची. दक्षिण कॅलिफोर्नियात एके दिवशी नळाचं पाणीच बंद होतं. सोळा वर्षांची मुलगी, तिचा धाकटा भाऊ, पाणी आणायला गेलेले आईबाप परत येत नाहीत. पहिले दोन दिवस लोक नीट वागतात. मग शेजारीच शेजाऱ्याच्या दारावर येतात.

वाचताना मला परक्या देशाचं वाटलंच नाही. २०१६ मध्ये मी लहान होते, तेव्हा आम्ही घरचे सगळेच लातुरात राहायचो. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये टाक्यांजवळ आणि विहिरींजवळ गर्दी करायला बंदी घातली, जमावबंदीचं १४४ कलम लावून. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची यायला लागली. बाबा मला खांद्यावर घेऊन बघायला गेले होते. आमच्या गल्लीत घागरींची रांग लागायची, आणि मला आजही आठवतं, समोरच्या आजीची घागर कुणी तरी रोज रात्री पुढे सरकवून ठेवायचं. कोण ते कधीच कळलं नाही. ‘ड्राय’मध्ये माणसं फार लवकर तुटतात. आमची गल्ली तुटली नव्हती. हे कुणी लिहिलं पाहिजे असं मला वाटतं.

---

किस्सागो
८ मे, रात्री ११:२०

सलाम. छत्रपती संभाजीनगरातून लिहितोय.

सगळे दुष्काळ, चाचणी, उचल सांगतायत, बरोबरच आहे. मी जरा जादूकडे वळतो. आमचे दादाजान निजामाच्या काळात शिकलेले, उर्दू माध्यमात. त्यांच्या वर्गात देशमुख-कुलकर्ण्यांची मुलंही उर्दूतच गणित सोडवायची. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाजा टाकल्या की दादाजान ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ सुरू करायचे. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं १८८३ पासून काढलेले हजारो पानांचे खंड. त्यांच्याकडे एकच खंड होता, वाळवी लागलेला. बाकीचं ते मनानं सांगायचे.

तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेलं अख्खं राज्य. आत शिरलं की आपले नियम चालत नाहीत. राजा अफरासियाब, त्याचे जादूगार, आणि त्यांना पुरून उरणारा चतुर, बहुरूपी हेर अमर अय्यार. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी. त्यात डेरे-तंबू मावतात, माणसं मावतात, शहर मावतं. माझ्या मुलीनं हॅरी पॉटरच्या सातव्या भागातली हर्मायनीची मण्यांची पिशवी वाचली आणि मला सांगायला धावत आली. मी म्हटलं, बाळा, ही पिशवी तुझ्या पणजोबांच्या घरात फार दिवसांपासून आहे.

तिला आता उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ दिलंय. १९६८ चं पुस्तक. तिथे जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. आणि नायक गेड गोरा नाही, तांबूस-सावळा आहे. मुलीनं हे वाचून मुखपृष्ठ परत नीट पाहिलं.

आत्याबी, तुमच्याकडे सांगणारी मुलगी आहे, हीच मोठी दौलत. दिल्लीचे शेवटचे नावाजलेले दास्तानगो, म्हणजे गोष्टी सांगणारे, मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले, तेव्हा सांगायची रीतच उठली असं लोक म्हणाले. तुमच्या मधल्या खोलीत मला तीच रीत दिसली. तिला पुस्तक मिटून सांगू द्या, बघून नको. कुठे थांबायचं ते तिला आपोआप कळेल.

आणि येणं झालं तर लेकरांना देवगिरीच्या किल्ल्यावर न्या. तिथली अंधारी, कातळातली वळणावळणाची पायवाट, शत्रूला चकवायला केलेली. वटवाघळांचा वास, पायऱ्या एकसारख्या नाहीत, हातात दिवा. पहाटे निघा, उन्हात नको.

---

औसेकर
१२ मे, दुपारी ४:४५

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. ‘द गिव्हर’बद्दल मात्र लिहावंसं वाटलं.

त्या पुस्तकातल्या गावात कुणालाच दुःख नाही, कारण कुणालाच जुनं काही आठवत नाही. रंग नाहीत, डोंगर नाहीत, बर्फ पडत नाही. सगळ्यांच्या वाटच्या आठवणी एकाच म्हाताऱ्या माणसानं सांभाळायच्या. बारा वर्षांच्या जोनसला त्याच्या जागी नेमतात आणि तो म्हातारा एकेक आठवण त्याला देत जातो. आधी बर्फावरून घसरायची गंमत, मग ऊन, मग हाड मोडल्याची कळ, मग युद्ध.

हे पुस्तक १९९३ साली आलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव थोडं लांब, आमचं घर राहिलं. वडील मदतीला गेले ते अकरा दिवसांनी आले. त्यानंतर या विषयावर ते घरात कधीच बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

माझ्या मुलानं मागच्या उन्हाळ्यात ‘द गिव्हर’ वाचलं, तेरा वर्षांचा आहे. वाचून झाल्यावर मला म्हणाला, “आपल्या घरात गिव्हर कोण?” मी काही बोललो नाही. तो उठला आणि आजोबांच्या बाजेवर जाऊन बसला.

वडील सांगायला लागले. भिंतींचं नाही सांगितलं. एका ढिगाऱ्यातून शिवणयंत्र निघालं, त्याचं सांगितलं. सुईखाली अर्धं शिवलेलं झबलं तसंच होतं. ते यंत्र त्यांनी पुसून, तेल घालून, पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलेल्या एका बाईला दिलं. ती कुणाची कोण हे माहीत नव्हतं. तिनं पुढे त्यावर वर्षानुवर्षं शिवण केलं म्हणे. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो, दाराआड उभा राहून, वयाच्या चाळिशीत.

---

देवघेव
१२ मे, रात्री ९:१५

औसेकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मी ज्या जड प्रसंगाचा उल्लेख केला होता तो याच पुस्तकातला. त्या गावात नकोशा माणसाला ‘रिलीज’ करतात, आणि त्याचा खरा अर्थ जोनसला एका तान्ह्या बाळामुळे कळतो. तिथे मुलाजवळ मोठं माणूस असावं.

---

आत्या_अंबाजोगाई
१६ मे, दुपारी २:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. रोज रात्री धागा लेकरांना वाचून दाखवते. औसेकर दादांची पोस्ट वाचली त्या रात्री कुणी बोललं नाही. थोरलीनं उठून सगळ्यांच्या अंगावर चादरी नीट केल्या.

इथली बातमी देते. किस्सागो भाईंचं ऐकून भाचीला पुस्तक मिटून सांगायला लावलं. ती जी सुटली! हंगर गेम्सचा पहिला भाग सात रात्रींत संपला. शेजारची चार लेकरं गच्चीवर यायला लागली, मग त्यांच्या आया. एक वाद मात्र तीन दिवस चालला. चिठ्ठ्या काढायच्या त्या दिवसाला इंग्रजीत ‘रीपिंग’ म्हणतात, म्हणजे पिकाची कापणी. भाची म्हणाली ‘कापणी’. थोरली म्हणाली नाही, कापणीत सुरा दिसतो, ते सरकार असं थेट नाव ठेवणार नाही, ते गोड नाव ठेवेल. मग तिनंच शोधलं, ‘सुगी’. माझ्या अंगावर काटा आला. सुगी म्हटलं की मला खळं दिसतं, हुरडा दिसतो, आईच्या नवीन बांगड्या दिसतात. तोच शब्द लाउडस्पीकरवरून, शिपायांच्या पहाऱ्यात. पण पोरगी बरोबर होती, सुगीच ठेवलं.

आता मुद्द्याचं. देवघेव काकांचं ‘एंबर’ आलं. जमिनीखालचं शहर, आकाश म्हणजे नुसता अंधार. एकच जनरेटर, तो म्हातारा झालाय, दिवे मधेच जातात आणि प्रत्येक वेळी जास्त वेळ जातात. आमच्याकडे वाचताना नेमके लाईट गेले तेव्हा धाकटा उठून खिडकीत जाऊन आकाश बघून आला. बारा वर्षांची मुलं पिशवीतून चिठ्ठी काढतात, त्यावर जे काम लिहिलंय ते करायचं. लीनाला पाणीनळांच्या बोगद्यातलं काम येतं, डूनला निरोप्याचं, आणि ते अदलाबदल करतात.

धाकटा म्हणाला, हे मराठीत पाहिजे. मग पाचही जण लागलेत. दोनशे पानी वही आणलीय. थोरली अर्थ सांगते, भाची वाक्य बांधते, दोघं भाऊ शब्द शोधतात, धाकट्याचं अक्षर सगळ्यात सुंदर म्हणून तो लिहितो. दिवसाला चार-पाच पानं होतात. दुसरी_घंटा ताई, वही तुमच्या वसतिगृहासाठी आहे. हे त्यांनीच ठरवलं, मी फक्त कळवतेय. पत्ता मला वेगळा पाठवा.

---

दुसरी_घंटा
१६ मे, रात्री ८:३०

ताई, काय लिहू कळत नाहीये. लेकरांना सांगा, आमच्याकडे पुस्तकं येतात ती बहुतेक लहान मुलांची, मोठ्या अक्षरातली, ससा-कासवाची. आठवीतल्या मुलाला ती हातात धरायची लाज वाटते. पाठ्यपुस्तकाबाहेर त्याच्या वयाचं, त्याच्या भाषेत, मोठी गोष्ट असलेलं असं फार थोडं मिळतं.

---

देवघेव
१७ मे, सकाळी ६:५०

दुसरी_घंटा बाईंनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मराठीत लहान मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी भरपूर आहे. तेरा ते सतराच्या मधली फळी विरळ आहे. आहे त्यातलं सांगतो. नाथमाधवांचं ‘वीरधवल’, भाषा जुनी आहे पण अद्भुताची ओढ अशी की माझ्या वाचनालयातली प्रत तीनदा बांधून घेतली. जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’, जमिनीत गाडलेला प्राचीन प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातून यंत्रमानव घडतो. त्यांचंच ‘प्रेषित’. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे तर दिलाच, ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. हॅरी पॉटर मराठीत आहे. पण इथल्या मातीतलं, आजचं, उद्याच्या भीतीचं आणि तरी चौदा वर्षांच्या हातात देता येईल असं? रिपीटर बेटा, ती रात्रीत सरकणारी घागर तू लिही. मी विनंती करतोय.

---

रिपीटर
१७ मे, दुपारी १२:१०

काका, काल रात्री दीड पान लिहिलं. घागर कोण सरकवायचं ते ठरवायला लागलं आणि ठरत नाही, म्हणून थांबलेय. चालू ठेवते.

---

जालन्याचा_बाप
२४ मे, रात्री १०:००

मी ‘एंबर’ दोन बैठकीत वाचलं. मग मुलीला दिलं. ती सध्या विसाव्या पानावर आणि मी पुढचं काही सांगायचं नाही अशी अट आहे. रात्री दिवा बंद करून झोपतेय. आत्याताई, वहीचं काम कुठवर आलं? त्यात तो चघळलेला कागद कसा करणार आहात?

---

आत्या_अंबाजोगाई
२६ मे, दुपारी ३:३०

खाली भाची लिहितेय, माझ्याच खात्यावरून.

काका नमस्कार. तुम्ही बरोबर विचारलं, आम्ही तिथेच चार दिवस अडकलो होतो. शहर बांधणाऱ्यांनी बाहेर पडायच्या सूचना एका पेटीत ठेवलेल्या असतात. पेटी दोनशे वीस वर्षांनी उघडायची असते, पण ती मधेच हरवते. लीनाला सापडते तेव्हा तिची छोटी बहीण पॉपी तो कागद चघळून टाकते. उरलेल्या अक्षरांवरून लीना आणि डून शब्द जुळवतात. इंग्रजीत मधली अक्षरं गाळली की झालं. आम्ही आधी मराठीत तशीच अक्षरं गाळली, तर काहीच जमेना. कुठे नुसती वेलांटी उरली, कुठे अर्धा र. धाकटा म्हणाला, बाळ अक्षर मोजून खाणार आहे का? मग आम्ही सगळ्या सूचना आधी पूर्ण मराठीत लिहिल्या, कागद पाण्यात भिजवला आणि शेजारच्या काकूंच्या बाळाच्या हातात दिला. काकू तिथेच होत्या, लगेच काढून घेतला. जे उरलं ते वाळवून वहीत चिकटवलंय. पूर्ण कागद वेगळ्या पाकिटात ठेवलाय, त्याला डिंक लावून बंद केलं. दुसरी_घंटा बाई, ते पाकीट तुम्ही आधी उघडू नका.

---

दुसरी_घंटा
२६ मे, रात्री ९:२०

नाही उघडणार. शब्द देते.

---

आत्या_अंबाजोगाई
९ जून, सकाळी ११:१५

काल रात्री वही संपली. एकशे शहाऐंशी पानं. पुस्तकाचा शेवट अगदीच उघडा आहे म्हणून धाकटा अजून रुसलेला आहे. त्याला मी सांगितलं की पुढचा भाग आहे, तर म्हणाला पुढच्या सुट्टीत दुसरी वही आणायची.

काल पहिला पाऊस झाला, बरा झाला. परवा लेकरं निघतील, १६ ला शाळा आहेत. वहीला खाकी कव्हर घातलंय, वर ‘निखाऱ्याचं शहर’ असं लिहिलंय, खाली मूळ लेखिकेचं नाव आणि त्याखाली पाचही जणांची. मोठा भाऊ गुरुवारी सकाळच्या एसटीनं बीडला जातोय, वही आणि पाकीट त्याच्याजवळ देते. दुसरी_घंटा ताई, स्टँडवर कुणी येईल का? तो दहाच्या सुमारास पोचेल, हातात पिवळी कापडी पिशवी असेल.

---

दुसरी_घंटा
९ जून, दुपारी १२:४०

मीच येते. सोबत मागच्या रांगेतला तो मुलगाही येणार आहे.